नवा पोपट आणलाय? जुन्या पक्ष्यांजवळ नेण्याआधी या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडच्या घरांत बजरीगर आणि कॉकटेल हे छोटे परदेशी पोपट आता नवलाचे राहिले नाहीत. गॅलरीत एक पिंजरा असतोच, मग सणासुदीला कुणीतरी आणखी एक पक्षी घेऊन येतं. थोड्याच दिवसांत जुना पक्षी पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेला दिसतो. घरचे म्हणतात, नवा आल्यामुळे रुसलाय. रुसत असेलही, पण आधी शंका आजाराचीच घ्यावी. भांडणं मोडता येतात. नव्या पक्ष्याबरोबर आलेला आजार पूर्ण पिंजरा रिकामा करू शकतो.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. आपला हिरवा मिठू, म्हणजे गळ्याला कंठी असलेला पोपट, घरात पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. ढोलीतून काढलेली पिल्लं 'पाळीव आहेत हो' म्हणून विकली जातात, म्हणून ती कायदेशीर होत नाहीत. त्यामुळे घरच्या मिठूला सोबत म्हणून दुसरा मिठू हा विचार सोडा. आधीचा असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारा. स्वतःहून उडवून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला बाहेर दाणा शोधता येत नाही. बजरीगर आणि कॉकटेल मूळचे ऑस्ट्रेलियाचे, ते ठेवता येतात. सन कोन्युअर, आफ्रिकन ग्रे अशा जातींची मात्र केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, तेव्हा विकणाऱ्याकडून कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता मुख्य चूक: वेगळं ठेवल्याचं समाधान. नवा पक्षी किमान ३० दिवस, जमलं तर ४५ दिवस, वेगळ्या खोलीत हवा. हॉलच्या या टोकाला एक पिंजरा आणि त्या टोकाला दुसरा, याला वेगळं म्हणत नाहीत. आपल्याकडे तर उन्हाळ्यात सगळं घर एका कूलरवर चालतं. तो एका खिडकीतून हवा आत ढकलतो आणि ती सगळ्या खोल्यांतून फिरून बाहेर पडते. नवा पक्षी कूलरकडच्या बाजूला असेल, तर त्याच्या पिसांची पूड आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ थेट जुन्यांच्या पिंजऱ्यावर जाते. कॉकटेलच्या अंगावर तर ही पूड भरपूर असते. नव्याला वाऱ्याच्या उतरत्या बाजूच्या शेवटच्या खोलीत ठेवा आणि दार लावून घ्या. अशी खोली नसेल, तर नातेवाइकांकडे महिनाभर ठेवा. अर्थात त्यांच्याकडे पक्षी नसतील तरच.

धुळीचं एवढं सांगायचं कारण सिटॅकोसिस. हा जिवाणूचा आजार पोपटवर्गीय पक्ष्यांत वरून काहीही न दिसता असू शकतो आणि माणसालाही होतो: ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला. पिंजऱ्याखालचा कागद सुका झाडू नका, आधी पाणी शिंपडून मग गुंडाळा. घरात कुणाला असा ताप आला, तर डॉक्टरांना पक्षी पाळल्याचं आवर्जून सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

आजार पसरायची दुसरी वाट आपल्या हाताची. दाणापाणी आधी जुन्यांचं, मग नव्याचं, आणि त्यानंतर साबणाने हात धुऊन कपडे बदलायचे. वाट्या आणि घासणी वेगळ्या. अंगणात कोंबड्या असतील तर त्यांच्यापासूनही दूर. एखादी आजी म्हणेल, 'काही व्हत नही.' पण देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ साली आपल्याच नवापूरच्या कोंबड्यांत झाला होता, आणि २०२१ मध्ये तो तिथे परत आला.

या महिन्यात काय बघायचं? पक्षी दुखणं लपवतो, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नका. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा डिजिटल काटा घ्या आणि सकाळी दाणे देण्याआधी वजन करा. बजरीगर जेमतेम ३०-४० ग्रॅमचा असतो, तेव्हा तीन-चार ग्रॅमची घट ही मोठी घट आहे. श्वासाबरोबर शेपूट खालीवर हलणं, ओलं नाक, पातळ हिरवट विष्ठा किंवा चोचीभोवती जाळीदार पांढरी खपली दिसली, तर मुक्काम वाढवा आणि दवाखाना गाठा. आपल्याकडचे बरेच पशुवैद्यक मुख्यतः गाई-म्हशी बघतात, म्हणून पक्षी घ्यायच्या आधीच फोन करून 'पोपट बघता का' एवढं विचारून ठेवा. कोंबड्यांचं औषध अंदाजाने पाण्यात मिसळणं अजिबात नको.

महिना नीट गेला की अनेकांना घाई होते आणि नवा पक्षी सरळ जुन्यांच्या पिंजऱ्यात सोडला जातो. तो पिंजरा जुन्यांचा मुलूख असतो. आधी दोन पिंजरे लांबून एकमेकांना दिसतील असे ठेवा, मग रोज थोडे जवळ. दोघं शेजारी शेजारी शांतपणे दाणे टिपायला लागले, की दोघांनाही परक्या अशा मोकळ्या जागेत भेटवा. एकत्र ठेवायच्या दिवशी जुन्या पिंजऱ्यातल्या काड्या आणि वाट्यांच्या जागा बदला, म्हणजे कुणाचीच हक्काची फांदी उरत नाही. काड्या पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या घ्या, पण फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरून तोडू नका. दाण्याच्या वाट्या पक्ष्यांपेक्षा एक जास्त.

आणि मडकी काढा! भांडणाचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. अंड्यांसाठी टांगलेल्या मडक्यावरून बजरीगरच्या माद्या एकमेकींना रक्तबंबाळ करतात. मोठ्या मादीच्या चोचीच्या वरचा, नाकपुड्यांभोवतीचा भाग तपकिरी आणि बहुतेक नरांचा निळा असतो, त्यावरून आपल्याकडे माद्या किती ते आधी मोजा.

जातीही बघून घ्या. बाजारात बजरीगरलाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात, पण खरा आफ्रिकन लव्हबर्ड बजरीगरांत सोडला तर तो त्यांच्या पायाची बोटं तोडतो. या दोघांना कायम वेगळे पिंजरे.

एकत्र आल्यावर थोडी चोचाचोची चालते, तिच्यात पडू नका. पण एकालाच सतत पळवलं जात असेल, तो वाटीपर्यंत पोचत नसेल, रात्री जाळीला लटकून झोपत असेल किंवा रक्त दिसलं, तर त्याच क्षणी वेगळं करा. मधे हात न घालता पुठ्ठा सरकवा. नखातून किंवा पिसातून रक्त येत असेल, तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. त्याने थांबलं नाही तर दवाखाना. काही जोड्या कधीच जमत नाहीत. त्यांना शेजारी-शेजारी दोन पिंजऱ्यांत ठेवलं तरी सोबत मिळतेच.

वेळही महत्त्वाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा चोच उघडून धापा टाकणाऱ्या पक्ष्याला नवं घर नको असतं. दिवाळीचे फटाके संपल्यावर, पण धुळ्याची थंडी बोचायला लागण्याआधी आणा. त्या दिवसांत भरीताची वांगी भाजणं मात्र अंगणातच ठेवा, कारण पक्ष्यांची फुप्फुसं धुरापुढे फार नाजूक असतात. रिकामा तापलेला नॉनस्टिक तवा तर मिनिटांत जीव घेतो. आणि पहिल्यांदा पक्षी खोलीत मोकळे सोडाल, तेव्हा छताचा पंखा बंद करून बटणावर चिकटपट्टी लावा. पाहुणे आले की कुणीतरी सवयीने तो चालू करतंच.