रूगर १०/२२ की मार्लिन ६०? स्वतःच पारखा

अमेरिकेत पॉइंट टू-टू (०.२२ इंच कॅलिबरची) सेमी-ऑटो रायफल, म्हणजे एक गोळी मारली की पुढची आपोआप भरणारी, घ्यायची म्हटलं की ही दोन नावं हमखास येतात, मार्लिन १९६० ची, रूगर १९६४ ची. आधी रूगरचं मॅगझिन (गोळ्यांची डबी) काढा, मार्लिनची बॅरलखालची गोळ्यांची नळी ओढा, चेंबर (बॅरलमागची गोळी बसते ती जागा) रिकामं आहे ना ते डोळ्याने बघा, दुकानदार काहीही म्हणो. मग बॅरल धरून हलवा, रूगरचं दोन स्क्रूंवर बसतं त्यामुळे सैल असेल तर लगेच कळतं आणि बदलायलाही सोपं, माझ्या मते हाच मोठा प्लस. अॅक्युरसीला ५० यार्ड, बेंचवर सँडबॅग, गोळ्या दोन्हीत एकाच डब्यातल्या आणि पाच-पाचचे निदान चार ग्रुप (एकाच ठिकाणी नेम धरून मारलेल्या गोळ्यांचा संच), कारण एखादा भारी ग्रुप कोणाचाही येतो राव! सगळ्यात लांबच्या दोन भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. गोळ्यांचा ब्रँड बदलून परत मारा, टू-टूला त्याने जाम फरक पडतो.