उन्हाळ्यात फिशटँक थंड ठेवताना या चुका टाळा

पाणी ३१-३२ अंशांवर गेले की टाकी सांभाळणाऱ्याचा हात आधी फ्रीजरकडे जातो आणि बहुतेक गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. तापलेल्या पाण्यात मासे दगावतात ते पुष्कळदा नुसत्या उष्णतेने नव्हे, तर प्राणवायू कमी पडल्याने. गोड्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला दर लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण ७.६ मिलिग्रॅमच्या आसपास येते. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, परंतु त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते, तळाशी साचलेली घाण अधिक वेगाने कुजत असते आणि फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूही त्याच साठ्यावर जगत असतात. त्यामुळे कोणताही उपाय निवडताना पाणी किती अंशांनी उतरेल याबरोबरच त्यात हवा किती मिसळेल हेही पाहावे लागते.

त्याआधी आपल्या माशांना काय चालते हे माहीत असावे. डिस्कस २८ ते ३० अंशांत सुखाने राहतो, तेव्हा त्याच्या टाकीत २९ अंश दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. गोल्डफिश मात्र थंड पाण्याचा मासा आहे आणि तेच २९ अंश त्याला जड जातात. काचेवर बाहेरून चिकटवायच्या पट्टीवर फार विसंबू नये, कारण तिच्यावर खोलीतल्या हवेचाही परिणाम होतो. पाण्यात बुडणारा साधा थर्मामीटर घ्यावा आणि पहाटे व दुपारी उशिरा अशी दोनदा नोंद करावी.

बर्फ टाकण्याची चूक

१०० लिटरच्या टाकीत एक किलो बर्फ टाकला, तर तो पूर्ण वितळून टाकीतल्या पाण्याइतका कोमट होईपर्यंत तापमान जेमतेम एक अंशाने उतरते आणि थोड्याच वेळात ते पुन्हा चढू लागते. म्हणजे मोठ्या टाकीत बर्फाचा उपयोग जवळजवळ नाहीच. २० लिटरच्या टाकीत मात्र तेवढाच बर्फ पाच अंशांहून अधिक घसरण घडवू शकतो, आणि अशा झटक्यानंतर अशक्त झालेल्या माशांवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उमटण्याची भीती असते. शिवाय नळाच्या पाण्याचा बर्फ सुटा टाकला, तर त्यातील क्लोरीनही टाकीत उतरते. अगदी अडचणीच्या वेळी गोठवलेल्या पाण्याची घट्ट बंद केलेली लहान बाटली फिल्टरच्या प्रवाहाजवळ तरंगत ठेवता येते. मात्र तापमान तासाला एका अंशापेक्षा वेगाने उतरू देऊ नये आणि बाटली काढल्यावर ते पुन्हा उसळत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे.

पंखा आहे, पण गारवा नाही

वाफ होऊन उडून जाणारे एक लिटर पाणी एक किलो बर्फापेक्षा सुमारे पाचपट उष्णता सोबत नेते. यामुळेच एक छोटा पंखा बर्फाच्या अख्ख्या ट्रेपेक्षा जास्त काम करतो. खोलीतल्या हवेतून काही उष्णता टाकीत परत येत राहत असल्याने प्रत्यक्षात साधारण दोन ते चार अंशांचा फरक पडतो, आणि दमट हवेत तोही कमी होतो. पंखा लावूनही पाण्याचे तापमान उतरत नसेल, तर बहुधा त्याची दिशा चुकलेली असते. काचेवर वारा सोडून फारसे साधत नाही. वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरपा जायला हवा आणि तिथे बारीक लहरी उठताना डोळ्यांना दिसायला हव्यात. वरचे झाकण बंद असेल, तर आतली दमट हवा तिथेच कोंडून राहते आणि सारी मेहनत वाया जाते. झाकण काढल्यावर जाळी बसवायला विसरू नये, कारण गुदमरलेले मासे उड्या मारतात. पंखा घट्ट बसवावा आणि त्याची वायर प्लगच्या खाली झुकलेली ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये शिरणार नाही.

पंख्यामुळे पातळी रोज घटते, पण पाण्यातले क्षार मागेच राहतात. फक्त नळाचे पाणी भरत राहिल्यास कठीणपणा हळूहळू वाढत जातो. म्हणून भर घालायला शक्यतो आरओचे पाणी वापरावे आणि ठरलेले पाणी बदलणे चुकवू नये. बदलायचे पाणी गच्चीवरच्या, उन्हात तापलेल्या पाण्याच्या टाकीतून थेट घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

दिशा बरोबर असूनही पारा हलत नसेल, तर हीटर तपासावा. त्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करणारा भाग, अडकला की तो भर उन्हाळ्यातही चालूच राहतो. पाण्यात बुडालेले पंप आणि झाकणातले जुने दिवेही पाणी तापवतात. दिव्यांची वेळ कमी करावी. चिलर, म्हणजे टाकीचे पाणी थंड करणारे यंत्र, बंद कपाटात ठेवला असेल, तर तो स्वतःच सोडलेल्या गरम हवेत धापा टाकत राहतो.

मासे वर येऊन तोंड मारतात तेव्हा

बेट्टा आणि गुरामी हवेसाठी वर येतातच, तो त्यांचा स्वभाव आहे. इतर मासे पहाटे वर दिसत असतील आणि दिवसा सावरत असतील, तर रात्री प्राणवायू तुटत आहे असे समजावे. अंधारात वनस्पतीही प्राणवायू वापरतात, म्हणून दाट लागवडीच्या टाकीत रात्रभर एअर पंप चालवावा आणि वनस्पतींसाठी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा दिवे मालवण्याआधीच थांबवावा. एअर स्टोन (एअर पंपाची हवा बारीक बुडबुड्यांत सोडणारा सच्छिद्र दगड) सुरू असूनही मासे दिवसभर वरच राहत असतील, तर माशांच्या उत्सर्जनातून आणि कुजणाऱ्या घाणीतून तयार होणारा अमोनिया तपासावा. ८ पीएचच्या, म्हणजे किंचित अल्कधर्मी पाण्यात एकूण अमोनियापैकी विषारी रूपाचा वाटा २५ अंशांना सुमारे ५.४ टक्के असतो आणि ३० अंशांना तो ७.५ टक्क्यांच्या घरात जातो. हिवाळ्यात निभावून गेलेले प्रमाण उन्हाळ्यात म्हणूनच नडते. अशा वेळी खाद्य थांबवावे आणि जवळपास त्याच तापमानाचे, क्लोरीन काढलेले पाणी वापरून थोडे थोडे पाणी बदलावे. माशांना उन्हात तरतरी यावी म्हणून खाद्य वाढवणे ही तर सरळ उलटी चाल आहे.

वीज गेल्यावर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असावा. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवलेला बंद डब्याचा फिल्टर, काही तास बंद राहिला, तर आतला प्राणवायू संपून जिवाणू मरू लागतात आणि वीज येताच तो सडके पाणी थेट टाकीत ढकलतो. म्हणून वीज गेल्याबरोबर त्याचा प्लग काढून ठेवावा. नंतर आतले पाणी ओतून द्यावे, स्पंज आणि सिरॅमिक रिंगा टाकीतल्याच पाण्यात हलकेच खळबळून घ्याव्यात आणि मगच फिल्टर पुन्हा सुरू करावा.