दोन डेस्कटॉप प्रोसेसरपैकी फास्ट कोणता आणि वीज कमी कोण खातो, हे स्वतः कसं मोजायचं

पहिलं म्हणजे बॉक्सवरचे आकडे बाजूला ठेवा. गिगाहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला किती अब्ज सायकल) बघून दोन वेगळ्या आर्किटेक्चरची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या रचनांची, तुलना होतच नाही, कारण एका सायकलमध्ये कोण किती काम उरकतो हे प्रत्येकाचं वेगळं असतं. आणि टीडीपीचं, म्हणजे कंपनी वॉटमध्ये जो आकडा छापते त्याचं, तर विचारूच नका, एएमडीचा १७० वॉट टीडीपीचा रायझन ९ ७९५०एक्स प्रत्यक्षात २३० वॉटपर्यंत ओढू शकतो, इंटेलच्या कोअर आय९-१४९००केवर बेस पॉवर १२५ वॉट लिहिलेली असते पण टर्बोमध्ये (जोर लागल्यावर स्पीड आपोआप वाढतो तेव्हा) ती २५३ वॉटपर्यंत जाते, आणि काही मदरबोर्ड तर ही लिमिटच डिफॉल्टमध्ये काढून टाकतात म्हणजे अजून वर. म्हणून टेस्टच्या आधी बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन पॉवर लिमिट काय सेट आहे ते बघा, लिहून ठेवा. हे न करता काढलेल्या आकड्यांना काही अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी सगळं शक्य तेवढं सारखं ठेवायचं. तीच रॅम त्याच स्पीडला, तेच ग्राफिक्स कार्ड, तोच कूलर, तोच पॉवर सप्लाय, विंडोजचा पॉवर प्लॅन एकच, अपडेट नि बॅकग्राउंडची अॅप्स बंद.

आता परफॉर्मन्स. सिनेबेंच (रेंडरिंग करून स्कोअर देणारं टेस्टचं सॉफ्टवेअर) सगळे चालवतात, तुम्हीही चालवा, सिंगल कोअर आणि मल्टी कोअर दोन्ही, पण मल्टीवाली एकदाच चालवून थांबू नका, निदान १० मिनिटं सलग चालू द्या कारण सुरुवातीला टर्बो जोरात असतो आणि गरम झाल्यावर खरा स्पीड दिसतो. तीनदा करा आणि मधला स्कोअर घ्या. पण खरी टेस्ट म्हणजे तुमचं स्वतःचं काम. व्हिडिओ करत असाल तर हँडब्रेकमध्ये एकच फाइल दोन्हीवर कन्व्हर्ट करा, थ्रीडी करत असाल तर ब्लेंडरमध्ये एकच सीन रेंडर करा, कोडिंगवाल्यांनी आपला प्रोजेक्ट पहिल्यापासून बिल्ड करून वेळ बघावा. कारण निकाल कामाप्रमाणे पार फिरतो. रायझन ७ ७८००एक्स३डी ८ कोअरचा आहे आणि १४९००के २४ कोअरचा, रेंडरिंगमध्ये दुसरा जवळपास दुप्पट पुढे, पण गेममध्ये पहिला त्याच्या ९६ एमबी एल३ कॅशच्या (प्रोसेसरमधल्याच फास्ट मेमरीच्या) जोरावर तोडीस तोड, कधी कधी पुढेही, आणि तेही खूप कमी विजेत.

गेमची टेस्ट घेताना रेझोल्युशन १०८०पी ठेवून ग्राफिक्स सेटिंग कमी करा, नाहीतर ग्राफिक्स कार्डच अडकतं आणि दोन्ही प्रोसेसर सारखेच वाटतात. सरासरी एफपीएससोबत (सेकंदाला किती फ्रेम) १ टक्का लो, म्हणजे सगळ्यात मंद १ टक्का फ्रेमचा एफपीएस, पण नोंदवा, गेम अडखळतो का ते तिथेच कळतं.

मग वीज. प्रोसेसर एकटा किती ओढतो ते एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सीपीयू पॅकेज पॉवर म्हणून दिसतं, आणि पूर्ण पीसी किती ओढतो त्यासाठी भिंतीच्या सॉकेटला लावायचं वॉट मीटर. मला विचाराल तर दोन्ही घ्या, कारण सॉफ्टवेअरचा आकडा कधी कधी अंदाजच असतो, आणि मीटरवरच्या आकड्यात पॉवर सप्लायचा लॉसही धरलेला असतो.

इथे बहुतेक लोक वॉट बघून निकाल देतात आणि तिथेच गणित चुकतं. बघायचे ते वॉट-अवर, म्हणजे वॉट गुणिले तास. समजा एक प्रोसेसर २५० वॉट घेऊन १० मिनिटांत रेंडर संपवतो, म्हणजे साधारण ४२ वॉट-अवर. दुसरा ९० वॉटच घेतो पण २५ मिनिटं लावतो, म्हणजे ३७.५. दुसरा जिंकला ना? पण बाकीचा पीसी समजा ६० वॉट खातोय, तो धरला तर पहिला ५२ च्या आसपास आणि दुसरा ६२.५, म्हणजे उलटंच झालं. आणि काम संपल्यावर तुम्ही पीसी बंद करत नसाल, तो उरलेली १५ मिनिटं ७० वॉटवर आयडल (नुसता रिकामा चालू) राहिला, तर पहिल्याचे ६९ होतात आणि परत दुसरा पुढे! म्हणून काम संपल्यावर तुमचा पीसी काय करतो हे आधी ठरवा, मग मोजा.

अजून एक टेस्ट जरूर करा, दोन्हींना एकाच पॉवर लिमिटवर बांधून. आधी १२५ वॉट, मग ८८ किंवा ६५. प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि शेवटचे थोडेसे मेगाहर्ट्झ काढायला व्होल्टेज भरपूर द्यावं लागतं, त्यामुळे लिमिट खाली आणली की वॉट धडाधड पडतात पण स्कोअर त्यामानाने थोडाच पडतो. डिफॉल्टला उधळ्या वाटणारा प्रोसेसर इथे एकदम शहाणा निघू शकतो.

आयडल विसरू नका. पीसी दिवसभर चालू आणि काम म्हणजे ब्राउझर नि डॉक्युमेंट, असं असेल तर फुल लोडचे आकडे तुमच्या कामाचेच नाहीत. चिपलेटवाले (अनेक छोट्या तुकड्यांची चिप जोडून केलेले) डेस्कटॉप रायझन आयडलला बहुतेक वेळा एकाच तुकड्यातल्या चिपपेक्षा जास्त ओढतात, फरक थोड्याच वॉटचा असतो पण तो तासन् तास चालतो. त्यामुळे पीसी चालू करून १५-२० मिनिटं हात न लावता मीटरवरचा आकडा घ्या, मग ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवून परत घ्या, आणि आठवड्यात किती तास लोड नि किती तास आयडल त्याने दोन्ही गुणून बेरीज करा, ज्याची बेरीज कमी तो तुमच्या वापरासाठी स्वस्त.