हट्टी म्हातारा घोडा : या चुका टाळा

विशी ओलांडलेला घोडा तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे टाकून चावायला येतो किंवा मैदानाच्या ठरावीक कोपऱ्यात पाय रोवून उभा राहतो, तेव्हा तबेल्यातले बहुतेक जण ‘हा पहिल्यापासूनच हट्टी’ असे म्हणून मोकळे होतात. घोडा खरोखर हट्टी असेलही. पण त्याच्या स्वभावावर बोट ठेवण्याआधी त्याचे दात, पाठ आणि पाय तपासून न घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दुखणे बहुधा एकाच जागी पुन्हा पुन्हा दिसते, तर हट्ट जागा आणि स्वार पाहून बदलतो. म्हणून घोड्याला आधी खोगिराशिवाय, हातात धरून, दोन्ही बाजूंनी मोठ्या वर्तुळात चालवावे. एका बाजूला पाऊल आखूड पडले तर पायाकडे पाहावे. खोगीर चढवल्यावरच तक्रार सुरू झाली तर पाठीकडे, आणि लगाम घातल्यावरच मान उडवू लागला तर तोंडाकडे.

पाठीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. वयाबरोबर कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू झिजतात आणि पाठ मध्ये खोलगट होते, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी चपखल बसणारे खोगीर आता रुतू लागते. त्यावर आणखी एक जाड गादी घालण्याचा उपाय सर्रास केला जातो, पण घट्ट बुटात दुसरा मोजा चढवल्यासारखेच ते आहे. फेरी संपल्यावर खोगीर उतरवून पाठ नीट पाहावी. सगळी पाठ घामाने भिजलेली असताना मध्येच तळहाताएवढा भाग कोरडा राहिला असेल, तर तिथे दाब पडतो आहे का हे तपासावे. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके उमटले असतील, तर तो दाब जुना आहे.

घोडा वाळला की खुराक वाढवायचा, ही दुसरी नेहमीची चूक. गव्हाणीपाशी अर्धवट चघळलेल्या चाऱ्याचे ओले गोळे पडलेले दिसले किंवा लिदीत अख्खे दाणे आढळले, तर चारा कमी पडत नसून तो चावलाच जात नाही. अशा घोड्याला जाड कडबा देणे म्हणजे अन्ननलिकेत घास अडकण्याला आणि पोटशुळाला आमंत्रण देणे. बारीक कापलेला लसूणघास (ल्यूसर्न हा चारा) आणि भिजवलेला कोंडा त्याला सोसतो. दात दर सहा महिन्यांनी पशुवैद्याकडून तपासून घ्यावेत. उन्हाळा लागला तरी अंगावरचे लांब, कुरळे केस गळत नसतील, तर पिट्युटरी ग्रंथीच्या विकाराची रक्ततपासणी करून घेणे आवश्यक आहे.

पुण्याच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर खूर सतत ओले राहतात. तळाच्या मऊ त्रिकोणी भागातून काळा, दुर्गंधी स्राव येऊ लागण्याआधीच खूर रोज खरवडून कोरडे करावेत. नालबंद साधारण सहा ते आठ आठवड्यांनी हवाच. मात्र म्हातारा घोडा पाय हिसकावतो तो पुष्कळदा सांधे दुखतात म्हणून. अशा वेळी त्याला न दटावता पाय कमी उंच धरावा आणि मध्येमध्ये खाली टेकू द्यावा.

आठवडाभर ठाणावर उभे ठेवून रविवारी एकदम दोन तास पिटाळणे त्याच्या सांध्यांना मानवत नाही. रोज थोडे फिरवावे, थंडीच्या सकाळी पहिली पंधरा मिनिटे नुसती चाल द्यावी आणि डांबरी रस्त्यावर दुडकी टाळावी.

हे सगळे ठीक असूनही घोडा ऐकत नसेल, तर तो खरोखरच त्याचा स्वभाव आहे, आणि मला विचाराल तर या वयात तो मोडू नये. रेसकोर्सवरून निवृत्त होऊन रायडिंग स्कूलमध्ये आलेल्या घोड्यांबाबत लगाम खेचून धरणे ही हमखास होणारी चूक, कारण लगामावर भार टाकून पळण्याचीच त्यांना लहानपणापासून सवय लावलेली असते. स्वाराने जितके खेचावे तितका घोडा जोर करतो. लगाम क्षणभर धरून लगेच सैल सोडावा, मोठ्या वर्तुळात घेऊन वेग उतरवावा. तबेल्याच्या फाटकाकडे ओढ घेणाऱ्या घोड्यावरून फाटकापाशी कधीच उतरू नये. मैदानाच्या दूरच्या टोकाला उतरून तंग तिथेच सैल करावा आणि त्याला हाताने चालवत परत आणावे. हाच क्रम मोतद्दारासह (घोड्याची देखभाल करणाऱ्यासह) प्रत्येक स्वाराने पाळावा, कारण एकाने जरी फाटकापाशी तंग सोडला तरी दुसऱ्या दिवशी घोडा पुन्हा तिकडेच ओढ घेतो.