जुन्या गाडीची पेट्रोल टाकी उतरवताय? मग रबर, पॅकिंग आणि फ्लोट एकदमच बदला

टाकी उतरवणं अवघड नाही, पण किचकट आहे. बोल्ट गंजलेले, जागा अडचणीची, त्यात हात वर धरून खांदे भरून येतात. म्हणूनच माझा आग्रह असा, की गळणारा एकच पाईप बदलून टाकी परत चढवू नका. तिच्यावरचं सगळं रबर, फ्लोटचं (टाकीत किती पेट्रोल आहे ते काट्याला कळवणाऱ्या युनिटचं) पॅकिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर, टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखालचा नमदा बहुतेक वेळा एकाच वयाचा असतो. त्यातलं एक गेलं की बाकीच्यांचा नंबर लागलेलाच असतो.

आधी सुरक्षेचं, आणि ते घाईत वाचू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बसते आणि जमिनीलगत पसरत जाते. त्यामुळे सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर गाडी उभी करून हे काम अजिबात करायचं नाही. वाफ खड्ड्यात साठते आणि तुम्ही नेमके तिथेच उभे असता. काम उघड्यावर करा. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण ती हवा आणि वाफेच्या मिश्रणाने भरलेली असते. ही वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरी पेट घेते. काचेच्या बल्बचा हँडलॅम्प नको, बॅटरीवरचा एलईडी टॉर्च घ्या. पावडर किंवा फोमचा अग्निशामक हाताशी ठेवा. गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह केबल सगळ्यात आधी काढा, पेट्रोल काढायच्याही आधी. नंतर काढायला गेलात तर ठिणगी वाफेतच पडेल.

शक्य असेल तर टाकी जवळपास रिकामी होईपर्यंत गाडी चालवा. ४० लिटर पेट्रोल म्हणजे जवळजवळ ३० किलो वजन, तेही आत हिंदकळणारं. उरलेलं पेट्रोल हातपंपाने धातूच्या कॅनमध्ये काढा. कॅन जमिनीवरच ठेवा आणि कॅन व टाकी एका तारेने जोडा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडणार नाही. नळीला तोंड लावून पेट्रोल ओढणारे अजूनही दिसतात. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

पट्ट्यांच्या बोल्टांवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पाईप कुठून कुठे जातात त्याचे फोटो काढा आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधा. टाकीखाली जॅक लावताना मध्ये फळी घाला, नाहीतर पत्र्याला पोचा येईल. पट्टे सुटले की टाकी वीतभरच खाली घ्या, वर हात घालून फ्लोटची वायर आणि पाईप सोडवा, मगच पूर्ण उतरवा.

फ्लोट उघडण्याआधी त्याच्याभोवतीची जागा ब्रशने घासून पुसून घ्या. तिथे वर्षानुवर्षांचा चिखल दगडासारखा बसलेला असतो. लॉक रिंग, म्हणजे फ्लोट जागेवर घट्ट धरणारी कडी, सुटली की तो सरळ टाकीत पडतो आणि पुढे जाळीत किंवा कार्बोरेटरच्या जेटमध्ये सापडतो. रिंग फिरवायला लोखंडी स्क्रू ड्रायव्हर लावून ठोकू नका. पितळी सळई किंवा लाकडाची खुंटी घ्या, रिंगच्या कानाला टेकवा आणि हातोडीने हलकेच टोले द्या. फ्लोट सरळ वर ओढला तर दांडी वाकते. तिरपा करत, फिरवत काढा आणि कोणत्या बाजूला तोंड होतं याची खूण करून ठेवा.

आता मल्टीमीटर विद्युत रोध (ओहम) मोजायला लावा. एक टोक टर्मिनलला, दुसरं फ्लोटच्या धातूच्या पट्टीला. दांडी सावकाश वरखाली करा. आकडा सलग सरकला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल तर आतली तार झिजली आहे, नवा युनिट घ्या. मात्र 'युनिव्हर्सल' म्हणून मिळेल तो उचलू नका. साठच्या दशकाच्या मध्यापासून नव्वदच्या दशकापर्यंतच्या जनरल मोटर्सच्या बहुतेक गाड्यांत रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम असतात. व्हीडीओ (VDO) या मीटर बनवणाऱ्या कंपनीचे अनेक युनिट १० ते १८० ओहमचे. युनिव्हर्सलमध्ये सर्रास मिळणारा २४० ते ३३ ओहमचा युनिट नेमका उलटा चालतो, म्हणजे रिकाम्याला २४०. जोडी चुकली की काटा चुकीचं, नाहीतर चक्क उलटं दाखवणार. म्हणून आधी डॅशबोर्डवरचं पेट्रोलचं मीटर कोणत्या जातीचं आहे ते पाहा, मग युनिट आणा.

दांडीच्या टोकाचा पितळी पोकळ फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळ वाजलं तर तो पेट्रोल पितोय. त्याला डाग द्यायच्या भानगडीत पडू नका, आतल्या पेट्रोलसकट तो तापवायचा म्हणजे स्फोटाला आमंत्रण. नवा बसवा. टाकीतली जाळीही याच वेळी बदला.

रबराबाबत मी तडजोड करत नाही. आजच्या पेट्रोलमध्ये बऱ्याच ठिकाणी इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, नाहीतर कडक होऊन तडकतं. होजवर (रबरी नळीवर) छापलेलं वाचा: एसएई जे३० आर९ हे मानक लिहिलेला होज इथेनॉलला चांगला टिकतो. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणारा तुकडा मात्र आर१० चाच हवा, कारण बाकीच्या होजचं बाहेरचं आवरण बुडून राहण्यासाठी बनवलेलं नसतं. भरण्याच्या तोंडाजवळच्या जाड होजला रेडिएटरचा होज मापात बसतो म्हणून लोक तोच लावतात. तो पाण्यासाठी असतो, पेट्रोलने हळूहळू फुगून खराब होतो. जोडांवर पांढरी टेफ्लॉन टेपही नको, तिचे तुकडे सुटून कार्बोरेटरपर्यंत जातात.

टाकीत हवा घेणारी नळी तपासायचं बहुतेकजण विसरतात. तोंडाने नाही, साध्या हातपंपाने हवा मारून ती मोकळी आहे का पाहा. गाडी काही अंतर नीट चालून बंद पडते आणि झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येतो, मग पुन्हा चालू होते. अशा वेळी पेट्रोल पंप बदलण्याआधी ही नळी आणि झाकणाचं भोक बघा.

आत गंजाचे पापुद्रे असतील तर सायट्रिक आम्लाचं पाणी भरून ठेवा, नंतर स्वच्छ धुऊन लगेच पूर्ण वाळवा. भोक पडलं असेल तर घरी वेल्डिंग नाहीच. धुतलेल्या टाकीच्या सांध्यांमध्येही पेट्रोल दडून बसतं आणि तापलं की त्याची वाफ होते. हे काम नेहमी करणाऱ्याकडे द्या किंवा नवी टाकी घ्या. आतून लावायच्या लेपावर माझा भरवसा नाही. पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ नसेल तर तो सोलून निघतो.

चढवताना पट्ट्यांखाली नमदा परत घालू नका. तो पाणी धरून ठेवतो आणि टाकी बाहेरून सडते. रबराची पट्टी घाला. पण रबर आणि नवा रंग यामुळे टाकीचं अर्थिंग तुटतं आणि नवा फ्लोट लावूनही काटा चुकीचं दाखवतो. फ्लोटच्या पट्टीपासून बॉडीपर्यंत एक स्वतंत्र वायर ओढा.

आधी पाचेक लिटरच भरा, प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहा. सगळं कोरडं असेल तर बॅटरी जोडा, गाडी चालवा आणि मग टाकी गळ्यापर्यंत भरा. फ्लोटचं पॅकिंग बहुतेक गाड्यांत वर किंवा बाजूला असतं, त्यामुळे ते गळतंय का हे भरलेल्या टाकीतच कळतं. त्याच पूर्ण टाकीवर काटा कुठे थांबतो ते बघा. थोडासा कमी दाखवत असेल आणि ओहमची जोडी बरोबर असेल, तर फ्लोट काढून दांडी किंचित वाकवली की तो जागेवर येतो.