खेळणं घेताना पर्समध्ये पुठ्ठ्याची नळी

तीन वर्षांखालच्या बाळासाठी खेळणं घेताना कुठला भाग घशात अडकेल, हे नुसत्या नजरेने कळत नाही. टॉयलेट पेपर संपला की आतली पुठ्ठ्याची नळी पर्समध्ये टाकून ठेवा. तिचं तोंड साधारण ४ सेंमी असतं. खेळणं किंवा त्याचा सुटा भाग त्यातून आरपार गेला, तर घेऊ नका. बाहुलीचे डोळे, गाडीची चाकं जरा ओढून बघा. सैल लागली तरी नकोच.

सेलचं झाकण स्क्रूने बंद केलेलं हवं. नखाने उघडलं, की मी ते खेळणं तिथेच ठेवते. बटन सेल गिळला गेला तर २ तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. तसा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठा, उलटी करवू नका.