कॅमेऱ्यात चित्र आहे, आवाज नाही? दुकान-ऑफिसात होणाऱ्या या चुका टाळा

पतसंस्थेच्या कॅश काउंटरवर पैशांवरून वाद होतो. खातेदार म्हणतो, मी आधीच सांगितलं होतं; कॅशियर म्हणतो, असं काही बोलणंच झालं नाही. फुटेज काढलं जातं. दोघांचे ओठ हलताना स्वच्छ दिसतात, पण आवाजाचा पत्ता नाही. आवाज रेकॉर्ड होत नव्हता हे बहुतेक ठिकाणी असं, नेमक्या गरजेच्या दिवशी कळतं. मग कॅमेरे बसवणाऱ्याला फोन जातो, "माइक गेला असेल" असं उत्तर येतं आणि नव्या कॅमेऱ्याचं कोटेशन हातात पडतं.

ते कोटेशन मंजूर करण्याआधी थोडं थांबा. संशय घ्यायचाच तर माइकवर सगळ्यात शेवटी घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. आयपी कॅमेऱ्यातला (नेटवर्कवर चालणाऱ्या कॅमेऱ्यातला) आवाज माइकमधून एन्कोडरकडे, म्हणजे त्याचं डिजिटल रूप करणाऱ्या भागाकडे जातो, तिथून नेटवर्कवरून एनव्हीआरकडे, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राकडे, एनव्हीआरमधून हार्डडिस्कवर आणि शेवटी तुमच्या स्पीकरपर्यंत पोचतो. या वाटेवर ठिकठिकाणी आवाजासाठी वेगळी सेटिंग असते. त्यातली एक जरी बंद राहिली तरी चित्र नेहमीसारखं दिसत राहतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

माइक आहे असं गृहीत धरू नका

माहितीपत्रकावर 'ऑडिओ' लिहिलेलं असतं, त्यावरून कॅमेऱ्यात माइक आहे असा समज होतो. पण 'ऑडिओ: १ इनपुट, १ आउटपुट' याचा अर्थ बाहेरचा माइक आणि स्पीकर जोडायची सोय आहे, एवढाच. खरी ओळख मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरांत असते. हिकव्हिजन कंपनीच्या २१४३जी२ या डोम कॅमेऱ्याचंच बघा. शेवटी नुसतं 'आय' असेल तर माइक नाही, 'आययू' असेल तर अंगभूत माइक आहे, 'आयएस' असेल तर बाहेरचा माइक जोडता येतो. दिसायला सगळे सारखेच. बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. 'चार मेगापिक्सेल डोम' एवढ्याच नोंदीवर माल घेतला, तर पुढे भांडायला आधार उरत नाही.

आधी कॅमेऱ्याला विचारा, मग एनव्हीआरला

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो एनव्हीआरच्या मेनूत अंदाजाने बदल करत बसण्यात. त्याऐवजी कॅमेऱ्यातून आवाज बाहेर पडतो का, हे आधी ठरवा. लॅपटॉपवर व्हीएलसी हा प्लेअर उघडा, 'ओपन नेटवर्क स्ट्रीम'मध्ये कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता, म्हणजे त्याचं थेट प्रक्षेपण मिळण्याचा नेटवर्कवरचा पत्ता टाका (पोर्ट सहसा ५५४) आणि चित्र सुरू झालं की कंट्रोल आणि जे दाबून कोडेकची (चित्र-आवाज साठवण्याच्या पद्धतीची) माहिती बघा. तिथे व्हिडिओ आणि ऑडिओ असे दोन प्रवाह दिसले, तर कॅमेरा आवाज पाठवतो आहे. तो ऐकूही येत असेल तर दोष पुढे, एनव्हीआरच्या बाजूला. ऑडिओ प्रवाह दिसतो पण सगळं शांत आहे, असं असेल तर माइक, त्याची वायर किंवा इनपुटचा व्हॉल्यूम तपासा. एकच प्रवाह दिसला तर कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये आवाज बंद आहे किंवा त्यात माइकची सोयच नाही.

इथे एक अडचण नेहमी येते. एनव्हीआरच्या पाठीमागच्या पीओई पोर्टला (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणाऱ्या पोर्टला) थेट लावलेले कॅमेरे ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळ्या, आतल्या नेटवर्कमध्ये असतात, त्यामुळे ऑफिसच्या संगणकावरून ब्राउझरमध्ये त्यांचं सेटिंगचं पान उघडत नाही. लॅपटॉपला त्या आतल्या नेटवर्कमधला मोकळा आयपी पत्ता द्या आणि केबल मागच्या रिकाम्या पोर्टला लावा. काही एनव्हीआरमध्ये 'व्हर्च्युअल होस्ट' नावाची, एनव्हीआरमार्फत कॅमेऱ्याचं पान उघडण्याची सोय असते, ती सुरू केली तरी चालतं.

कॅमेऱ्याच्या पानावर पोचलात की 'व्हिडिओ/ऑडिओ' या भागात 'स्ट्रीम टाइप' बघा. तिथे 'व्हिडिओ स्ट्रीम' आणि 'व्हिडिओ अँड ऑडिओ' असे दोन पर्याय मिळतात. पहिला निवडलेला असेल तर माइक कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. हा पर्याय मेन स्ट्रीम (पूर्ण दर्जाचा प्रवाह) आणि सब-स्ट्रीम (कमी दर्जाचा, हलका प्रवाह) यांच्यासाठी वेगवेगळा ठेवावा लागतो, आणि निम्मे गोंधळ इथेच होतात. रेकॉर्डिंग साधारणपणे मेन स्ट्रीमचं होतं. मोबाइल ॲप आणि अनेक चौकटींचं लाइव्ह दृश्य बहुधा सब-स्ट्रीम वापरतं. "मोबाइलवर आवाज येत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये आहे" किंवा याच्या नेमकी उलट तक्रार असेल, तर दुसरीकडे कुठे शोधण्याआधी या दोन सेटिंग तपासा.

लाइव्हवर ऐकू आलं म्हणून निश्चिंत राहू नका

मालकाला लाइव्ह आवाज ऐकवायचा, सही घ्यायची आणि निघायचं, अशी बऱ्याच इन्स्टॉलरची पद्धत आहे. ती धोक्याची आहे. एनव्हीआरमध्ये आवाज रेकॉर्ड करायचा की नाही याचा पर्याय वेगळा असतो. हिकव्हिजनच्या एनव्हीआरमध्ये तो रेकॉर्डिंग वेळापत्रकाच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात, प्रत्येक चॅनलसाठी स्वतंत्र आहे. काम ताब्यात घेताना काउंटरवर उभं राहून तारीख आणि वेळ मोठ्याने बोला, पाच मिनिटांनी तेच प्लेबॅकमध्ये ऐका आणि मगच सही करा.

उलट बाजूही लक्षात ठेवा: रेकॉर्डिंगमध्ये आवाज असूनही तो ऐकू येत नाही, असंही होतं. व्हीजीए केबलमधून आवाज जातच नाही. एचडीएमआयमधून जातो, पण कित्येक मॉनिटरना स्पीकरच नसतो. ॲपमध्ये स्पीकरचं चिन्ह दाबल्याशिवाय आवाज सुरू होत नाही.

बाहेरचा माइक जोडताना

बाजारात मिळणारा छोटा सीसीटीव्ही माइक बहुधा तीन वायरींचा असतो: वीज, आवाज आणि ग्राउंड. त्याला १२ व्होल्ट डीसी वेगळे द्यावे लागतात. कॅमेरा पीओईवर चालतो म्हणून माइकलाही तिथून वीज मिळेल असं समजू नका. कॅमेऱ्याला १२ व्होल्टचं आउटपुट असेल तरच ती मिळते. या माइकमध्ये स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'लाइन इन' निवडा. 'माइक इन' ठेवलं तर आवाज फाटतो. साधा, वीज न लागणारा माइक 'लाइन इन'वर लावला तर आवाज इतका क्षीण येतो की माइक मेला असंच वाटतं.

सतत घुंई ऐकू येत असेल तर माइकची वायर विजेच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतून नेली आहे का ते बघा. आपल्याकडच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण अशी शिरते. शिल्डेड वायर वापरा आणि वाट वेगळी ठेवा. माइक एसीच्या झोतात किंवा पंख्याखाली बसवला तर बोलणं ऐकू येणार नाही, आणि त्यावर सॉफ्टवेअरमध्ये पुरता इलाज नाही.

कॅमेरा एका कंपनीचा, एनव्हीआर दुसऱ्याचा

असा जोड ऑनव्हिफमधून, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं जुळावीत यासाठीच्या सामायिक मानकातून होतो. त्यातलं २०११ सालचं प्रोफाइल एस असो की २०१८ सालचं प्रोफाइल टी, चित्र जुळलं म्हणजे आवाजही जुळेल अशी खात्री धरता येत नाही. पहिला प्रयत्न जी.७११ कोडेकचा करा. ८ किलोहर्ट्झ, ६४ केबीपीएसचा हा जुना कोडेक जवळपास सगळ्यांना कळतो. एएसी या दुसऱ्या कोडेकमध्ये आवाज जास्त चांगला ऐकू येतो, पण समोरच्या यंत्राला तो कळला तर. ब्राउझरमध्ये वेबआरटीसीने (ब्राउझरमधल्याच थेट चित्र-आवाजाच्या तंत्राने) लाइव्ह बघणाऱ्यांनी तर एएसीवर विसंबूच नये, तिथे जी.७११ आणि ओपस हे दोनच कोडेक बंधनकारक आहेत.

बॅकअप काढलेली फाइलही याच कारणाने मुकी वाटते. आत जी.७११चा आवाज असतो, पण संगणकातला नेहमीचा प्लेअर तो वाजवत नाही. पोलिसांना किंवा वकिलांना "आवाज नाही" असं कळवण्याआधी तीच फाइल व्हीएलसीमध्ये किंवा कंपनीच्या प्लेअरमध्ये ऐका. मूळ फाइल कन्व्हर्ट करून पुसू नका, जशीच्या तशी जपून ठेवा.

आवाज सुरू करण्याआधी सांगा

पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांत चित्राबरोबर आवाजही हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. दुकान किंवा ऑफिसला तो निकाल तसाच लावून चालत नाही. माणसांचं खासगी बोलणं टिपणं ही गंभीर गोष्ट आहे. माइक काउंटरपुरता ठेवा, डबा खाण्याच्या खोलीत अजिबात नको, आणि 'येथे आवाजही रेकॉर्ड होतो' अशी पाटी मराठीत, दिसेल अशी लावा. कर्मचाऱ्यांना लेखी कळवा.

दुरुस्तीनंतरची चूक

वॉरंटीत कॅमेरा बदलून मिळतो, फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) नवं टाकलं जातं किंवा कुणीतरी रीसेट करतं. चित्र आलं की काम झालं असं सगळे धरतात, पण आवाजाच्या सेटिंग मूळ पदावर गेलेल्या असू शकतात. स्ट्रीम टाइप, कोडेक, इनपुटचा प्रकार आणि व्हॉल्यूम यांचे फोटो चॅनलवार काढून ठेवा आणि कॅमेऱ्याला हात लागला की त्यांच्याशी जुळवून प्लेबॅक पुन्हा ऐका.